चतुराच्या पंखांचे विमान व माझी इतर मिळकत

मी, हेस्टर नोरीन ट्रेगिल्गस, वय अठ्ठ्याहत्तर, कै. बेव्हन ट्रेगिल्गस यांची पत्नी, पूर्वीचा धंदा ग्लायडरदुरुस्ती व द्राक्षबाग, राहणार कूमिआला, डेअरटनजवळ, न्यू साउथ वेल्स, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी गेल्या आठवड्यात पंतप्रधानांचे नाव विचारले, ते मी बरोबर सांगितले. त्यांच्याबद्दलचे मतही सांगितले, पण ते डॉक्टरांनी लिहून घेतले नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. आहे तो फक्त मुलाचा, आणि तोही फोनवरून. याआधी केलेली सर्व मृत्युपत्रे या लेखाने रद्द समजावीत. ती दोन होती आणि दोन्ही रागात लिहिलेली होती.

कलम १. व्यवस्थापक म्हणून मी वेंटवर्थच्या वकील श्रीमती इलेन रॅटिगन यांना नेमते. त्या कमी बोलतात आणि माझे अक्षर त्यांना लागते.

कलम २. मला कूमिआलाच्या दफनभूमीत बेव्हनशेजारी ठेवावे. माझा मुलगा डेन्झिल याची कल्पना अशी की माझी राख माझ्याच विमानातून नदीवर सोडावी. कल्पना प्रेमाची आहे, पण ती करू नये. खिडकीतून सोडलेली राख सरळ मागच्या पंखावर जाऊन बसेल आणि तो नंतर कोणाला तरी धुवावा लागेल. प्रार्थना छोटी असावी. नंतरच्या चहाला लॅमिंग्टन केक विकतचे आणू नयेत.

कलम ३. घर, घरातले सामान आणि बँकेतली शिल्लक डेन्झिलला. तो पर्थला असतो आणि इथे राहायला येणार नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. त्याने घर विकावे, मनाला लावून घेऊ नये. वीस एकर द्राक्षबाग मात्र आधी शेजारच्या व्हूला कॅटसारोस हिला विचारल्याशिवाय कोणाला विकू नये. गेली बारा वर्षे ती बाग तीच सांभाळते आहे. वेलींना तिचा हात ओळखीचा आहे.

कलम ४. शेडमधली हत्यारे ग्लायडिंग क्लबच्या दुरुस्तीखात्याला. रंधे, पटाशा, सरसाच्या शिकंज्यांचे तीन संच, कापड ताणायची इस्त्री. १९६९ साली मी तिथे कामाला लागले तेव्हा एका सभासदाने विचारले होते, "बाई, चहा कुठाय?" मी म्हटले, "किटलीत. आणि तुमच्या डाव्या पंखाची मधली फळी कुजलीय, ती माझ्या हातात आहे." त्यानंतर बिनइंजिनाच्या त्या विमानांचे लाकूडकाम पंचवीस वर्षे माझ्याकडे राहिले. छोटी जपानी करवत मात्र द्यायची नाही, ती हरवली आहे. ज्याच्याकडे आहे त्याला ठाऊक आहे.

कलम ५. आता विमान.

माझ्या मालकीचे, मी स्वतः बांधलेले, एका माणसाचे, चार पंखांचे विमान आहे. नाव 'मडआय'. चतुराच्या पिल्लाला आमच्या नदीवर मडआय म्हणतात. ते चिखलात राहते आणि मासे पकडायला गळाला लावतात. हे विमान मी व्हूलाला देते.

ते कसे झाले हे लिहून ठेवणे भाग आहे, कारण मी गेल्यावर लोक काहीही सांगतील. १९७८ च्या डिसेंबरात पंपाची जाळी साफ करायला मी नदीमागच्या तळ्यावर गेले होते. पाण्यावर एक चतुर एकाच जागी थांबला होता. पंखांची एक जोडी पुढे, एक मागे. पुढची वर जाई तेव्हा मागची खाली येई. मी गुडघाभर पाण्यात उभी राहून विचार करत राहिले की पुढचा पंख हवा खाली ढकलतो, तर मग मागच्या पंखाच्या वाट्याला ती ढकललेली, घसरती हवा यायला हवी. त्यात त्याला उचल मिळते कशी? त्या दिवशी पंप बंदच राहिला आणि बेव्हनने रात्रीचे जेवण स्वतः केले.

पंखांच्या दोन आखूड जोड्यांचे विमान (प्रत्येक जोडीला मी एकच पंख म्हणते) लहान शेडमध्ये मावते, आणि नेहमीच्या विमानाचे शेपूट बहुधा खालीच रेटत असते, तसे इथे होत नाही. दोन्ही पंख वजन उचलतात. हा फायदा. तोटा म्हणजे तीच घसरती हवा. मी बाल्सा लाकडाचे पंख केले, ते आमच्या यूट गाडीच्या टपावर झाडूच्या दांड्याला बांधले, आणि माशांचे वजन करायचे दोन ताणकाटे लावले. सकाळी वारा उठायच्या आत बेव्हन सरळ रस्त्यावर गाडी हाकायचा आणि मी मागच्या हौद्यात उभी राहून आकडे ओरडायचे. पोलिसाने एकदा थांबवले.

"हे काय चाललंय, बेव्ह?"

"बायकोला विचार. मी नुसता वारा आहे."

अशी चार वर्षे गेली. दोन्ही पंख एका पातळीत ठेवले की मागचा जवळजवळ निम्मा आळशी होतो, हे कळले. चतुर पंख हलवतो, त्यामुळे ती हवा तो वेळ साधून चुकवत असावा. माझ्या विमानाचे पंख घट्ट बसवलेले. त्याला ते जमणार नव्हते. म्हणून मी ती जागेने चुकवली. पुढचा पंख नाकाजवळ खाली, मागचा डोक्याच्या वर. शिवाय पुढचा दोन अंश जास्त तिरपा, म्हणजे वेग फार कमी झाला तर आधी पुढच्याची उचल सुटेल, नाक अलगद खाली जाईल आणि वेग परत येईल. चतुराच्या प्रत्येक पंखाच्या टोकाशी एक काळा ठिपका असतो. ते वजन असते, पंख वेगात फडफडू नये म्हणून. मीही टोकांशी गळाची शिसे बसवली. यातले काही मी शोधले असा माझा दावा नाही. मी फक्त बघितले आणि मोजले.

व्हूलासाठी अटी: विमान संग्रहालयाला देऊ नये. छताला टांगू नये. महिन्यातून एकदा तरी उडवावे. पुढचा पंख प्रत्येक उड्डाणाआधी आणि नंतर धुवावा. या शेवटच्या अटीला कोणी हसू नये. कारण कलम ७ मध्ये आहे.

कलम ६. १९९३ साली एक डॉक्टरसाहेब शहरातल्या विद्यापीठातून आले, चार दिवस माझ्याकडे जेवले, माझ्या वह्यांचे फोटो काढले, आणि पुढच्या वर्षी एका परिषदेत माझे आलेख 'एका हौशी गृहिणीची निरीक्षणे' म्हणून दाखवले. त्यांचे नाव लिहायला इलेनने मनाई केली आहे. त्यांना माझ्या मिळकतीतून काहीही देऊ नये. मागायला आले तर चहा द्यावा.

कलम ७. माझ्या सर्व वह्या, एकूण एकतीस, आणि माझा जर्मन मायक्रोमीटर मी श्री. मर्व्हिन नॉस्के, वय त्र्याऐंशी, यांना देते. मर्व आता नदीपलीकडे मिल्ड्युराच्या वृद्धाश्रमात असतो. आम्ही बत्तीस वर्षे एकमेकांशी बोललेलो नाही. लोकांना वाटते चूक त्याची होती. ती माझी होती, आणि ती इथे शपथेवर लिहिते.

मर्व क्लबचा मुख्य तपासनीस होता. त्याची सही झाल्याशिवाय कोणतेही विमान जमीन सोडत नसे. मडआय तयार झाले तेव्हा त्याने दोन दिवस ते तपासले, एकेक खिळा, एकेक दोरी. शेवटी पुढच्या पंखावरून तळहात फिरवून म्हणाला, "हेस्टर, हा काचेसारखा गुळगुळीत आहे तोवर ठीक. पण घाण बसली तर?"

"मी रोज पुसते."

"आकाशात कोण पुसणार?"

"तू सही कर, मर्व. शंका तुझ्या वहीत ठेव."

त्याने सही केली. पहिली वीस उड्डाणे जुलै-ऑगस्टात झाली. मखमलीसारखे उडाले. आमच्याकडे तेव्हा थंडी, आणि थंडीत नदीवर एक चिलट नसते, हे माझ्या डोक्यात आले नाही.

मग १९८७ चा मार्च. द्राक्षे उतरली होती. सकाळी नऊच्या सुमारास मी तळ्यावरून खाली येत असताना चिलटांच्या ढगातून गेले. समोरची काच हिरवी-तपकिरी झाली. मी हसलेसुद्धा. उतरायला वेग कमी केला आणि नाक खाली जाऊ लागले. नाक वर घ्यायला दांडा मागे ओढला, आणखी ओढला, पोटाला लागला. नाक खालीच. पुढच्या पंखाच्या कडेवर चिलटे चिरडून तिची किसणी झाली होती आणि हवा तिला धरून राहत नव्हती. मागचा पंख मात्र वर, बऱ्यापैकी स्वच्छ हवेत, आपले काम करत होता, म्हणजे शेपटी वर उचलत होता. धावपट्टी चारशे पावलांवर होती. मी तिच्या अलीकडे, व्हूलाच्या वडिलांच्या, पानायोटिस कॅटसारोस यांच्या बेदाण्यांत उतरले. वाळवणीच्या रॅकवरून झाडलेले बेदाणे त्यांनी शेवटच्या उन्हासाठी ताडपत्र्यांवर पसरले होते. त्यांतले निम्मे माझ्या कॉकपिटमध्ये आले.

पानायोटिस धावत आले. "बाई, जिवंत आहेस?"

"आहे."

"देवाची कृपा!" मग त्यांनी आजूबाजूला पाहिले आणि ग्रीकमध्ये बराच वेळ बोलले. त्यांनी नंतर भरपाई घेतली नाही. विमानाचा तुटलेला पंखा, म्हणजे प्रोपेलर, मागून घेतला आणि शेडच्या दारावर लावला.

माझे गळपट्टीचे हाड मोडले होते. बेव्हन यूट घेऊन पोचला. मी त्याला पहिले वाक्य बोलले ते हे: "पुढचा पंख पूस."

"हेस, तुझं हाड..."

"आधी पंख. मर्व यायच्या आत."

बेव्हनने माझ्याकडे असे पाहिले की ते मला अजून दिसते. मग थर्मासमधला चहा ओतून, आपल्या टोपीने, त्याने पुढचा पंख कडेकडेने पुसून काढला.

मर्व आला. विमानाभोवती दोन फेऱ्या मारल्या. मागच्या पंखाच्या कडेवरून बोट फिरवले, बोटाकडे पाहिले. त्यावर चिलटे होती. पुढच्या पंखावरून फिरवले, बोटाकडे पाहिले.

"ओला आहे."

"दव," बेव्हन म्हणाला.

मार्च महिना, साडेनऊ वाजलेले, चार महिने पाऊस नाही. मर्व नुसता "हं" म्हणाला.

त्याने अहवालात एवढेच लिहिले की पुढचा पंख खरखरीत झाल्यास त्याची उचल किती घटते हे मोजल्याशिवाय हे विमान उडवू नये. ते खरे होते. मी मात्र सगळीकडे सांगत सुटले की वाऱ्याचा झोत आला होता, मर्वला झोत आणि माशी यांतला फरक कळत नाही, आणि एका बाईने विमान बांधले हे त्याला सहन होत नाही. मोडक्या हाडासाठी गळ्यात झोळी अडकवलेल्या बाईचे लोक ऐकतात. १९८८ च्या वार्षिक सभेत मी उभी राहून हेच बोलले. मतदान झाले. मर्वची तपासनीसपदावरून गच्छंती झाली. तो मागच्या खुर्चीवर बसला होता. एक वाक्य बोलला असता, 'पंख पुसलेला होता', तर मी तिथेच संपले असते. त्याने टोपी उचलली आणि निघून गेला. त्यानंतर त्याने आयुष्यभर ट्रॅक्टर दुरुस्त केले.

पुढच्याच उन्हाळ्यात मी गुपचूप पंखाच्या कडेला मध लावला, त्यावर रवा चिकटवला आणि यूटवर मोजले. उचल एक-तृतीयांश गेली. आकडा वहीत लिहिला आणि पान मुडपून ठेवले. तो आकडा घेऊन मर्वकडे जायला हवे होते. नदी ओलांडली की वीस मिनिटांचा रस्ता. मी गेले नाही, कारण गेले असते तर सभेत पुन्हा उभे राहावे लागले असते.

दुरुस्तीला अकरा वर्षे लागली. आधी मी चतुराच्या पंखासारखा घड्याघड्यांचा पत्रा करून पाहिला. तो पार फसला. चतुराला हवा पाकासारखी दाट लागते, तिथे घड्या चालतात. माणसाच्या विमानाला ती पाण्यासारखी पातळ. कीटकाची नक्कल कुठे थांबवायची हे कळायला मला तीन वर्षे आणि एक आख्खा पंख लागला. शेवटी डबाबंद पीचच्या डब्यांचे नखाएवढे तुकडे कापून पंखावर एका ओळीत तिरपे उभे केले. ते हवेत छोटे भोवरे उठवतात आणि भोवरे हवेला पंखाशी धरून ठेवतात. रवा लावूनही उचल टिकली. १९९८ च्या एप्रिलात मडआय पुन्हा उडाले. सही करायला दुसऱ्या गावचा तपासनीस आला होता. मी वर असताना कुंपणापाशी एक गाडी उभी दिसली. उतरेपर्यंत ती गेली होती.

मर्व, तू बरोबर होतास. वह्या तुझ्या. मुडपलेले पान अकराव्या वहीत आहे.

कलम ८. (हे कलम तीन आठवड्यांनी जोडत आहे.)

कच्चा मसुदा मी इलेनकडे दिला. तिने कलम ७ वाचले, चष्मा काढला आणि म्हणाली, "हेस्टरबाई, हा माणूस जिवंत आहे ना?"

"आहे."

"आणि तुम्हीही आहात."

"म्हणजे?"

"म्हणजे हे मी तुमच्या पश्चात त्याला वाचून दाखवणार नाही. मला त्याचे पैसे कितीही मिळोत."

व्हूलाने गाडी काढली. वाटेत तिने एकदाच विचारले, "मावशी, आपण कोणाकडे चाललोय?" मी सांगितले. पुलावर आल्यावर ती म्हणाली, "बाबांना माहीत होतं. त्यांनी पुसताना पाहिलं होतं."

बत्तीस वर्षे माझ्या शेजारच्या घराला माहीत होते आणि ते दर ईस्टरला मला ग्रीक रिवाजाची लाल रंगवलेली अंडी पाठवत होते.

मर्व व्हरांड्यात बसला होता. फार बारीक झाला आहे. मला पाहून म्हणाला, "बैस. ती खुर्ची डुगडुगते, दुसरी घे."

मी पाठ करून आणलेले सगळे विसरले. म्हटले, "मर्व, तो पंख मी पुसायला लावला."

"हो. बेव्हन त्याच दिवशी संध्याकाळी माझ्याकडे आला होता. रडत होता."

"मग सभेत का बोलला नाहीस?"

"बोललो असतो तर तुला पुन्हा कोणी उडू दिलं नसतं. आणि त्या विमानात दोष एकच होता, हेस्टर. एकच. बाकी इतकं सुरेख बसलं होतं सगळं. ते पुन्हा उडताना मला बघायचं होतं."

"त्यासाठी तू तुझं काम घालवलंस?"

"तेव्हा वाटलं, दोन-तीन वर्षांत दुरुस्त करशील आणि येशील सांगायला." मग म्हणाला, "तू तशी सगळ्यातच हळू. काय लावलंस शेवटी?"

"पीचच्या डब्यांचे तुकडे."

"उंची?"

"बोटाच्या नखाएवढी. पंधरा अंश तिरपे."

"सगळे एकाच बाजूला तिरपे?"

"जोड्यांनी. समोरासमोर."

"हां," तो म्हणाला आणि डोळे मिटून बसला. मला वाटले झोपला. तो मनात पंखावरून हात फिरवत होता. मग मी रडले, आणि त्याने परिचारिकेला माझ्यासाठी चहा आणायला सांगितला, आणि मग माझाच चहा स्वतः प्यायला.

मी वह्यांचे आणि मायक्रोमीटरचे सांगितले. "इथे कपाट एवढंसं आहे," तो म्हणाला. "व्हूलाला दे. तिला लागतील." मग विचारले, "तुझ्या कागदावर साक्षीदार कोण?"

"इलेन. दुसरा अजून ठरायचाय."

"मग मी."

"साक्षीदाराला काही देता येत नाही, मर्व. दिलेलं रद्द होतं."

"उत्तम. सही करून मला एकतीस वर्षं झालीत."

म्हणून कलम ७ मधली देणगी रद्द. वह्या व मायक्रोमीटर व्हूला कॅटसारोस हिला. कलमाचा बाकीचा मजकूर जसाच्या तसा ठेवावा, एक शब्द गाळू नये, आणि माझ्या दफनानंतर क्लबच्या पुढच्या सभेत मोठ्याने वाचून दाखवावा. मी त्याआधी स्वतःच वाचला तर ही सूचना निकामी समजावी. सभा येत्या गुरुवारी आहे. मी जाणार आहे. मर्वला चाकाच्या खुर्चीतून न्यायचे व्हूलाने कबूल केले आहे.

कलम ९. यात न आलेली किरकोळ मिळकत सापडल्यास ती ज्याच्या हाताशी असेल त्याने ठेवावी.

वरील नऊ कलमे मी वाचली, खाडाखोडीवर आद्याक्षरे केली, आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत खाली सही करत आहे. साक्षीदारांनीही माझ्या व एकमेकांच्या समोर सह्या केल्या आहेत. श्री. नॉस्के यांनी सहीआधी पूर्ण कागद दोनदा वाचला, कलम ५ मध्ये 'दोन अंश' याखाली रेघ ओढून 'कोणत्या तापमानाला मोजले?' असे विचारले, आणि उत्तर मिळेपर्यंत पेन हातात घेतले नाही. नुसती सही पुरे, असे श्रीमती रॅटिगन यांनी त्यांना दोन वेळा सांगितले. पण विमानाच्या कागदावर सहीच्या वर ते जे शब्द लिहीत असत, ते त्यांनी इथेही लिहिले आहेत, आणि ते मी खोडू दिलेले नाहीत.

सही: हेस्टर नोरीन ट्रेगिल्गस

साक्षीदार १: इलेन रॅटिगन, वकील, वेंटवर्थ

साक्षीदार २: तपासले. उड्डाणास हरकत नाही.
मर्व्हिन नॉस्के

स्थळ: वृद्धाश्रमाचा व्हरांडा, मिल्ड्युरा
दिनांक: ९ सप्टेंबर २०१९